वेल्सच्या बेटावर कोकणी गणित

कार्डिफला लेकीच्या खिडकीतून समुद्र दिसला आणि मी नाक मुरडलं. हा समुद्र? दूध कमी पडलेल्या चहासारखा! आम्ही गुहागरचे. समुद्राच्या बाबतीत आमचं कुणाशी पटत नाही.

मी आलो होतो मीनलच्या बाळाच्या बारशाला. व्याही वसंतरावही आलेले. मूळचे सोलापूरचे, चाळीस वर्षं कॉव्हेंट्रीत. "भाऊ, तुम्हाला वेल्स दाखवतो," म्हणाले आणि आदल्या दिवशी गाडी काढली.

किनाऱ्याची सपाटी संपली न संपली तोच अरुंद दऱ्या लागल्या. (दरीला इथे 'कूम' म्हणतात.) एकमेकांना चिकटलेली घरं, कोळशाच्या खाणींचे जुने ढिगारे, आता गवताने हिरवे झालेले. त्यापुढे बोडके डोंगर. झाड औषधाला नाही आणि मेंढ्या रस्त्याच्या मालक. तासाभरात कोकण, घाट आणि देश उरकले की हो!

बारशाच्या दिवशी एकादशी होती, पण इथे तिथीपेक्षा रविवार मोठा. मीनलने आम्हाला बाहेर पिटाळलं. "बाबा, पायात घोटाळू नका. पण तीनला घरी या. दोन्ही आजोबा असल्याशिवाय पाळणा हलणार नाही."

आम्ही गेलो सली बेटावर. ओहोटीला तिथे खडकांवरून चालत जाता येतं. बारा वाजले होते. काठावर बोर्ड होता. वसंतरावांनी तो मोठ्याने वाचला, "टाइड वाढतेय. साडेबारानंतर क्रॉस करू नका."

"अहो, बोर्ड कसला वाचता? तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. एकादशी, अकराची पाऊणपट सव्वाआठ. पुढे सहा तास, म्हणजे दोनपर्यंत ओहोटीच!"

त्यांनी बोर्ड पुन्हा वाचला. "भाऊ, हे लोक रोज बघतात हो."

"आणि आम्ही काय गोट्या खेळलो?"

परतणारी एक कुत्रेवाली बाई म्हणाली, "फार थांबू नका हं." मी हसून हात हलवला.

बेटावर वसंतरावांनी मनुका घातलेले, तव्यावर भाजलेले वेल्श केक खाल्ले. मला उपास, म्हणून दोन केळी. एक वाजता वळून पाहिलं, तर वाट गायब! मधे तपकिरी पाणी घोंघावत होतं. नातवाचं बारसं आणि आजोबा बेटावर!

मदतीचा फोन वसंतरावांनीच केला. बचावबोट यायला आणि आम्हाला काठावर सोडायला तीन वाजून गेले. नारिंगी जॅकेट घातलेली एक मुलगी मला हाताला धरून उतरवत म्हणाली, "बोर्ड नाही का दिसला?"

घरी पोचलो तेव्हा साडेचार. पाहुणे ताटकळलेले, बाळ रडून झोपलेलं, मीनलचे डोळे लाल. "कुणाची ही अक्कल?"

मी तोंड उघडणार, तोच वसंतराव म्हणाले, "माझी. बोर्ड वाचायचाच राहिला गं. भाऊ तर परत फिरू म्हणत होते."

मी उघडलेलं तोंड मिटलं. पाळणा हलला, पेढे वाटले गेले, आणि माझ्या कोकणी अब्रूला धक्का लागला नाही.

आता गुहागरला परतून पंधरा दिवस झाले. इथे पाऊणपट अगदी बरोबर जुळते. पण भरती आली की मला लाज वाटते, म्हणून हे लिहिलं. मीनल, तूही वाचशीलच. बोर्ड तुझ्या सासऱ्यांनी वाचला होता. दोनदा.