सहा पिढ्यांचा नियम

आमच्या महिला मंडळात यायचं तर आई पहिली धरून मागे सहा पिढ्या दाखवाव्या लागतात. सहाही जणी गोदाकाठच्या हव्यात. सभासद झाल्यावर त्या बायकांची नावं आणि त्यांनी सांगितलेल्या जुन्या हकिकती मंडळाच्या ग्रंथात येतात. नाशिक रोडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही महिन्यातून एकदा भरतो. अर्ज तपासायचं काम आठ वर्षं माझ्याकडे होतं. मला आकडे जमतात, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याची चूक सापडली की बरं वाटतं.

गेल्या वर्षी सायखेड्याहून एक मावशी आल्या. सत्तरीच्या, जन्मभर भाजी पिकवून विकलेल्या. कागद एकही नव्हता, सगळं तोंडपाठ. त्या बोटांवर नावं मोजत होत्या, प्रत्येकीचे भाऊही सांगत होत्या, मी लिहीत होते. चौथ्या आणि पाचव्या नावाशी मी थांबले. दोघींचे भाऊ तेच होते.

"मावशी, या दोघी नाहीत. एकीचंच माहेरचं नाव आणि सासरचं नाव आहे. लग्नात बदललेलं."

त्यांनी पुन्हा बोटं मोजली. "व्हय की!" मग हसून म्हणाल्या, "पण दोन घरं राबली ना ती. मंग दोन धर की, बाई!"

सगळा हॉल हसला. मी नाही. "पाचच होतात," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि अर्जावर 'अपात्र' लिहिलं.

"मला मेंबर नको करू. माझ्या आईचं नाव तेवढं छापा. पुरात गळ्याइतक्या पाण्यात जाऊन तिनं गोठ्यातली जनावरं सोडलीती. ते कुठंच लिहिलेलं नाय."

"नियम आहे," मी म्हणाले.

त्या गेल्या. सगळ्यांसाठी आणलेल्या मेथीच्या जुड्या टेबलावर ठेवून गेल्या. आम्ही त्या वाटून घेतल्या. माझ्या वाट्याला दोन आल्या.

दिवाळीत मी विंचूरला मामींकडे गेले. ग्रंथ छापायला जायचा होता. मोबाइलवर मी त्यांना माझं पान दाखवलं. मामींनी चष्मा पुसून पाहिलं. "अगं, ही आणि ही एकच. लग्नात ताटातल्या तांदळांवर हे दुसरं नाव लिहिलं तिचं. तुझ्या आईनं दोन्ही नावं लिहून ठेवली असतील."

आईच्या वहीत ती एकाखाली एक होती. मी त्यांना मायलेकी समजून उतरवून घेतलं होतं. सगळ्यांचे अर्ज मी तपासले, माझा कोणीच तपासला नव्हता.

मंडळात एक फोन केला असता तर पान थांबलं असतं. छपाईला अजून तीन आठवडे होते. मी फोन केला नाही. ग्रंथ आला, त्यात माझ्या सहा पिढ्या. प्रकाशनाला मी पैठणी नेसले होते.

संक्रांतीनंतर ग्रंथ घेऊन सायखेड्याला गेले. मावशी ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मी पान उघडून दोन नावांवर बोट ठेवलं. "मावशी, या दोघी एकच आहेत. माझ्याही पाचच. छापायच्या आधीच मला कळलं होतं."

त्यांनी हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"मंग आपण सारख्याच," त्या म्हणाल्या. "पण तुझी आई हाय यात. माझी कुठंय?"

मग मी विचारलं आणि त्यांनी पुराचं सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं, चार पानं झाली.

पुढच्या सभेत उभी राहून मी माझ्या पिढ्या मोजून दाखवल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, आता कोण मोजतंय?"

"मीच मोजते ना," मी म्हणाले. राजीनामा आणि ती चार पानं त्यांच्यापुढे ठेवली.

राजीनामा त्यांनी ठेवून घेतला. पानं परत दिली. पुढच्या आवृत्तीतही बसणार नाहीत म्हणाल्या, नियम आहे. तो नियम त्यांच्याकडून मीच पाठ करून घेतलाय.