मधली वीतभर जागा

कुणी विचारलं, "काकू, आमची गोधडी झाली का हो?" की ती हातातली सुई खांद्यावरच्या पदरात खोचायची आणि मान न उचलता म्हणायची, "व्हतीय की. कुठं पळून चाललीय का?" मग सुई पुन्हा हातात.

नालासोपाऱ्यातल्या आमच्या इमारतीत हे उत्तर प्रत्येक घरानं ऐकलं होतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी डोहाळजेवण झाल्यावर दुपट्यासाठी जुनं कापड दिलं. दुपटं हाती आलं तेव्हा पोरगं दप्तर घेऊन शाळेत चाललं होतं. वहिनींनी ते दुपटं इस्त्रीच्या टेबलावर अंथरलं, आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा तिच्याकडेच कापड दिलं. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. त्यांच्यावर चिडायचं आणि पुन्हा त्यांच्याकडेच जायचं.

ती साताऱ्याकडची, तळमजल्यावर राहायची. एक खोली, स्वयंपाकघर, आणि खोलीभर लोखंडी पलंग. पलंगावर तिचा नवरा. तो वसईतल्या एका कारखान्यात कामाला होता. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. फरशीवर गोधडी अंथरायला जागा नव्हती, म्हणून ती गोधडी सरळ त्याच्या अंगावर अंथरायची आणि कडेला बसून शिवायची. आमच्या इमारतीतल्या सगळ्या गोधड्या अशाच त्या माणसाच्या अंगावर शिवल्या गेल्या.

त्याच्या डाव्या हातात तिनं काठ दिलेला असे. कापड ताणून धरायचं, हे त्याचं काम. कंटाळला की तो मुद्दाम काठ सोडायचा.

"धरा की," ती म्हणायची.

तो छताकडे बघायचा.

"बरं, नका धरू. वाकडी झाली तर तुमचं नाव सांगीन."

मग काठ हळूहळू पुन्हा ताणला जायचा. त्यांची भांडणं एवढीच.

मी माणिकपूरच्या एका शाळेत शिकवायचे. शाळा, घर, टँकरच्या पाण्याची रांग, सासूबाईंची पथ्यं. संध्याकाळी जिना चढायच्या आधी तिच्या दारात जरा टेकायचे. दोघीही दमलेल्या असायचो, त्यामुळे बोलणं फारसं होत नसे. माझी आई गेली तेव्हा तिची लुगडी मी गोधडीसाठी काकूला दिली. माहेरातून माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं.

तिच्याकडची रीत कडेनं टाके घालत आत यायची. चौकोनात चौकोन, आणि शेवटचे टाके मधोमध. आईची गोधडी भराभर आत आली आणि मधल्या वीतभर जागेशी येऊन थांबली. पावसाळा गेला, थंडी आली. पलंगाखाली आणखी दोन गोधड्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या, त्यांचंही मधलंच राहिलेलं. एकदा मी जरा तोडूनच बोलले, "काकू, अर्ध्या तासाचं तर काम आहे."

तिनं सुई पदरात खोचली. "झाली की तुम्ही न्हेणार, बाई. दुसरी घ्यायची म्हंजी पुन्हा कडंपासनं. कड शिवताना मी ह्यांच्या पायाशी असते. मधलं शिवताना छातीपाशी. तितं ह्यांचा श्वास लागतो हाताला. हायेत, एवढं कळतं." सुई पुन्हा हातात घेत म्हणाली, "म्हणून दिवसाला दोनच टाके घालते."

त्यानंतर मी गोधडीचं विचारलं नाही.

तो गेला तेव्हा त्याच्या अंगावर आईचीच गोधडी होती. त्याचं दुखणं वाढलं म्हणून काकूची नणंद आठवडाभर आधीच गावाहून येऊन राहिली होती. माणसं जमली, तिरडी बांधून झाली. नणंद म्हणाली, "अंगावरलं त्याच्यासंगं जाऊ द्या." रीतच ती. गेलेल्याचं पांघरूण कुणी घरात ठेवत नाही. मी दारात उभी होते. अशा वेळी लुगडी परत मागायला जीभ रेटेना.

काकू उठली. काठ अजून त्याच्या मुठीत होता. एकेक बोट उचलून तिनं तो सोडवला. "ही ह्यांची न्हाई. बाईंच्या आईची हाय," म्हणाली, आणि सगळ्यांदेखत घडी घालून गोधडी माझ्या हातात दिली. नणंदेनं तोंडाला पदर लावला. काकू स्वतः रडली नाही. इतकी थकली होती की रडायलाही बळ नव्हतं.

तेरावं झालं. खोली रिकामी करून ती नणंदेबरोबर कायमची गावी निघाली. आदल्या दिवशी दुपारी जिना चढून आमच्याकडे आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"बाई, तुमचं मधलं राह्यलंय."

मी गोधडी काढून फरशीवर अंथरली. तिनं दोन टाके घातले आणि उसवले. पुन्हा घातले, पुन्हा उसवले. "हात चालंना," ती म्हणाली. "खाली नुसती फरशी लागती." मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "जरा आडव्या व्हता का?"

सासूबाई आतल्या खोलीत होत्या. मेलेल्या माणसाच्या अंगावरची गोधडी मी पांघरलेली पाहून त्या काय म्हणाल्या असत्या, ते सांगायला नको. मी दार लोटून घेतलं आणि पलंगावर पडले. तिनं गोधडी माझ्या अंगावर सारखी केली. आईच्या लुगड्यांना आता मालिशच्या तेलाचा वास येत होता, आईचा वास गेला होता. मला वाईट वाटलं. पण छातीवर तिच्या हाताचा हलका भार होता, सुई येत-जात होती, आणि आई गेल्यापासून मला असं कुणी निजवलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, ते मी मिटून घेतले.

शेवटचा टाका घालून तिनं दोरा दातानं तोडला. मी उठायला लागले, तर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पडा वाईच," ती म्हणाली. "मला तरी आता काय काम हाय."