रावस, जिताडा आणि माझी तर्जनी

वसईजवळच्या राजोडीच्या सुरूच्या बनातून बाहेर पडलो आणि समोर करडा, गढूळ समुद्र दिसला. मी मिरजेचा, निळ्या समुद्राची आशा धरून आलो होतो. जवळच्याच नंदाखाल गावचा माझा मित्र पास्कल हसला. "याच पाण्यात मोठा मासा असतो, मधू."

नव्वदच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. पास्कल बँकेत नोकरीला, सुट्टी मिळाली की मासेमारीचा रॉड घेऊन किनाऱ्यावर. मी तबलजी. वसईतला कार्यक्रम आटोपून त्याच्याकडे राहिलो होतो.

सकाळी लाटांत उभं राहून त्यानं रावस काढला. गळ लागताच मासा सरळ खोल पाण्याकडे सुसाट धावला, रीळ किरकिरलं. पण दमल्यावर मुकाट आला. चंदेरी अंग, तोंडाच्या पुढे आलेलं बोथट नाक, खोल दुभंगलेली शेपटी, छातीखाली मिशांसारखे लोंबणारे धागे. पास्कलनं तो कल्ल्यात बोटं घालून कसा उचलायचा ते दाखवलं. मी तसा उचलून ऐटीत फोटोही काढून घेतला.

दुपारी भरती चढू लागली तसे आम्ही खाजणात (खाडीलगतची दलदलीची जमीन) गेलो. इथं जिताडा लागला. हा लांब पळेना. पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं आणि काठावरच्या तिवरांच्या झाडांच्या मुळांत घुसू पाहू लागला. पास्कलनं कसाबसा काठावर ओढला. पितळी झाक असलेली पाठ, खोलगट कपाळ, पुढे आलेला खालचा जबडा, पंख्यासारखी गोल शेपटी. पास्कल पिशवी आणायला वळला, आणि मी सकाळच्याच ऐटीत कल्ल्यात बोटं घातली.

"मधू, नको! त्याचा कल्ला..."

माशानं हिसडा दिला. कल्ल्याची कड पात्यासारखी तर्जनीत रुतली. उजव्या हाताची तर्जनी! मासा टाकून मी बोट दुसऱ्या मुठीत दाबून धरलं.

जवळ जाळं सोडवत बसलेली एक कोळीण धावत आली. "चांगलं पानी आन रे!" ती पास्कलवर ओरडली. जखम धुऊन तिनं रुमाल घट्ट बांधला. "जिताड्याला असा कोन धरतो, भाऊ?"

स्कूटरवरून आगाशीच्या दवाखान्यात जाईपर्यंत बोट हलवून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी तबलजी आहे हे ऐकत डॉक्टरबाईंनी जखम साफ केली.

"वाकवा."

मी डोळे मिटले. "डोळे उघडा, वाकलंय," त्या म्हणाल्या. "शीर शाबूत आहे. टाके निघेपर्यंत तबला बंद." बाहेर पास्कल भिंतीला टेकून उभा होता. बोट वाचल्याची खूण म्हणून मी मान हलवली तेव्हा तो मटकन पायरीवर बसला.

संध्याकाळी त्याच्या आईनं माझ्या डाव्या हातात चमचा दिला. रावसाच्या तळलेल्या तुकड्यांचे घट्ट पापुद्रे सुटत होते. नारळाच्या रश्शातला जिताडा लोण्यासारखा मऊ, तेलकट. मला जिताडाच जास्त आवडला. पास्कलची आई म्हणाली, "खा, खा. त्याच्यावरचा राग असाच काढायचा."

परतीच्या एसटीत शेजारच्या आजोबांनी बँडेजकडे बघून विचारलं, "काय झालं?" मी त्यांना दोन्ही मासे सांगत सुटलो, नाकापासून शेपटीपर्यंत. हातवारे करत, बोटं फाकवत. ते हसून म्हणाले, "अहो, सावकाश! टाके उसवतील." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, बऱ्याच वेळात मी बोटाकडे पाहिलंच नव्हतं.