मोईवरचं पाखरू

धाकट्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला तो खर्र्यापायी. टपरीवर घोटलेली तंबाखू-सुपारीची पुडी गालात धरल्याशिवाय त्याला वखर हाती घेता येत नसे. मी ओरडून थकले, तो हसून मोकळा व्हायचा. ऑपरेशन झालं आणि नाकात नळी बसली. पेज, दूध, जे काय पोटात जायचं ते त्यातून. ही नळी आता निघायची नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी घरात कुणालाच बोलले नाही. भावजय रोज त्याच्या वाट्याची एक भाकर थापायची, टोपल्यात झाकून ठेवायची आणि संध्याकाळी गाईला घालायची. चूल त्याला विसरली नाही पाहिजे, म्हणायची.

त्या पावसाळ्यात राळेगावजवळच्या आमच्या शेतावर सकाळी त्याला फिरवून आणणं माझ्याकडे होतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोईचं झाड आहे. एके दिवशी त्यानं बोटानं फांदी दाखवली. पान म्हणावं तर त्याला डोळे होते. फिकट पोपटी पंख, माझ्या तळहातापेक्षा मोठे, वरची कड जांभळट, चारही पंखांवर एकेक चांदवा आणि मागे लांब शेपट्या. जन्म याच मातीत गेला, पण असं पाखरू दोघांनीही पहिल्यांदाच पाहिलं.

मी फोटो काढून गावातल्या कापूसवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. आमची माणसं ती आमचीच. कौतुक राहिलं बाजूला, दोघांनी लगेच कोणतं औषध फवारायचं ते कळवलं. भाऊ घशातल्या घशात हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग मी मोबाईलवर शोधत बसले. शेपट्या, चांदवे, मोईचं झाड, सगळं जुळलं. मून मॉथ, आपल्याच रानातला पतंग. मिशा पिसासारख्या रुंद, म्हणजे नर. भाऊ वाकून मिशा बघत होता आणि मी पुढच्या ओळीवर अडले होते.

त्याचे शब्द आता बोबडे यायचे, घरात ते मलाच कळायचे. कापूस पिकवणारा माणूस किड्याबद्दल जे पहिलं विचारतो, तेच त्यानं विचारलं.

"हे खाते काय, ताई?"

मोईचा पाला, मी म्हटलं. अळी खाते, तेवढं खरं होतं.

"अन् हे पंखवालं?"

वेळ मारून न्यायला मी एरवी हुशार, पण तेव्हा जमलं नाही. "काईच नाही. याले तोंडच नसते. अळी असताना खाल्लं, तेवढ्यावरच जगते."

त्यानं नाकातली नळी बोटानं चाचपली. मला राग आला, त्या पतंगाचा, मोबाईलचा, टपरीवाल्याचाही.

"माही नळी आता निघत नाही न?"

"नाही," मी म्हणाले. मी रडले, तो रडला नाही.

घरी आलो तेव्हा भावजय चुलीपुढे होती. तो तिच्याजवळ खाली बसला आणि म्हणाला, "उद्यापासून माह्या वाटची भाकर नोको टाकू."

तिला ते उमगलं नाही. पिठाचे हात तसेच धरून तिनं माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतात म्हणून. ते मलाच तिला सांगावं लागलं.