चार महिने निळ्या काचा

पस्तिशी उलटल्यावर, नाशिकच्या कॉलेजात शिकवता शिकवता, मी पीएचडीला नाव घातलं. काम असं होतं की काचेवर पॉलिमरचा इतका निसरडा थर चढवायचा, की त्याला प्रथिनं चिकटूच नयेत. शरीरात घातलेल्या नळीवर आधी रक्तातली प्रथिनं बसतात, मग पेशी, मग गुठळी. मला ती पहिली पायरी रोखायची होती.

तपासणी सोपी होती. द्वारका चौकातून अंडी आणायची, पांढरा भाग पाण्यात कालवायचा, त्यात काच बुडवायची, धुऊन निळ्या रंगात घालायची. प्रथिन चिकटलं असेल तर काच निळी, नसेल तर कोरी. चार महिने माझ्या काचा निळ्याच निघाल्या.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत कोरी काच दाखवा, नाहीतर विषय बदला." विषय बदलायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून. तेवढी रजा मला मिळणार नव्हती.

प्रयोगशाळेच्या शिपायांना सगळे मामा म्हणत. येवल्याकडचे, माळकरी. मला म्हणाले, "मॅडम, अंडं खाणारे लय पाह्यले. काचेला चारणाऱ्या तुमीच."

कांद्याच्या लागणीसाठी ते तीन दिवस गावी गेले आणि त्या तीन दिवसांतल्या काचा कोऱ्या निघाल्या. ते परतले, काचा पुन्हा निळ्या.

मी रोजचं काम पायरी-पायरीने ताडून पाहिलं. फरक एकच. मामा रोज सकाळी देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावत, आणि तसबीर होती ओव्हनच्या वर. थर चढवण्याआधी धुतलेल्या काचा त्याच ओव्हनमध्ये वाळायच्या, आणि तो खोलीतलीच हवा ओढायचा. धुराचा तेलकटपणा काचेवर आधी बसत होता. त्यावर माझा थर धरणार कसा?

"मामा, उद्यापासून उदबत्ती पोर्चमध्ये."

"अठरा वर्सं चुकली नाय. आता देवाला बाहेर काढता व्हय?"

"देवाला नाही, धुराला."

"आन् काच तरीबी निळी निघाली, तं?"

"तर उदबत्ती इथेच, आणि रोज मी लावीन."

मामांनी तसबीर भिंतीवरून उतरवली. "पंधरा दिवस देतो," म्हणाले.

मी ओव्हन आतून स्पिरिटने दोनदा पुसला. पुढच्या सहाही काचा कोऱ्या निघाल्या. सरांनी एक खिडकीशी धरून उलटसुलट पाहिली.

"बरी आहे. आता हेच सलग वीस वेळा करून आणा."

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस होते. मी त्याच दुपारी काचा धुवायला घेतल्या.