करवंट्यांचा ठोका

“थांबा रं, आदी ठोका पडू दे!” असं म्हणत लग्नांचे व्हिडिओ काढणारा आमचा दादा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहायचा. हातात नारळाच्या दोन करवंट्या. नवरा-नवरी खोळंबलेली, भटजी वैतागलेले, आणि हा ठक्‌ करून एकदाच वाजवणार नि ऐटीत बाजूला होणार. रेवदंड्याकडच्या लग्नांना तुम्ही गेला असाल तर हा थाट पाहिला असेलच.

मी त्याचा दुसरा कॅमेरा धरायचो. आवाज वेगळ्या यंत्रावर भरला जायचा. “चित्र न् आवाज म्हंजे दोन होड्या, बाला. एका खुंट्याला बांदल्या न्हाय तर भलतीकडं जातात.” कॉम्प्युटरवर तो ठोका शोधायचा, तिथे चित्र आणि आवाज जुळवायचे आणि ठोक्याचा तुकडा कापून टाकायचा.

आधी करवंट्या नव्हत्या, नुसती टाळी होती. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत बॅटरी बदलून दादाने टाळी मारली. मंडळींना वाटलं, लग्न लागलं! साऱ्या मांडवाने टाळ्या पिटल्या, अक्षता उडाल्या, बँडही सुरू झाला. त्या गोंधळात दादाने नंतर भलत्याच कुणाची तरी टाळी धरून आवाज जुळवला.

व्हिडिओ बघून धवलारीण मावशी तणतणत आल्या. धवळे, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. “माजं त्वांड मिटलंय न् गानं चालूच हाय! लोकं बोलतील, ही टेप लावते. उद्या कोन बोलावंल माना?”

दादाचा चेहरा पडला. त्याने मावशींना कॉम्प्युटरपुढे शेजारी बसवलं. दादा आवाज जरासा सरकवायचा, मावशी पडद्याबरोबर गायच्या आणि चुकलं की त्याच्या पाठीत धपाटा घालायच्या. संध्याकाळपर्यंत पाठ शेकून निघाली, पण जुळलं. पुढच्या लग्नाला करवंट्या आल्या.

गेल्या वर्षी दादा गेला. त्याच्या आठवणीचा व्हिडिओ करायला बसलो, तर जन्मभर दुसऱ्यांची लग्नं टिपणारा हा माणूस एकाही व्हिडिओत नाही! मग न कापलेलं मूळ चित्रण उघडलं. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तो होता. येतो, ठक्‌ वाजवतो, निघून जातो. मला रडू आवरेना. बाकी सगळं कापलं आणि तेवढंच जोडलं.

तेराव्याला तो व्हिडिओ लावला. मावशी आता थकल्यात. पडद्याला खेटून, माझ्या शेजारी बसल्या. शेवटचा ठोका वाजला, दादा बाजूला झाला, तसा त्यांनी सवयीने हात उचलला. मग तो हळूच माझ्या पाठीवर ठेवला.

“जुललंय,” त्या म्हणाल्या. “पुन्यांदा लाव.”