नुसता फेस

माझ्या नणंदेचा साखरपुडा आमच्या डहाणूच्या घरी होता. पाहुणे वेवजीहून दुपारी यायचे होते आणि माझ्या नवऱ्याने आठवडाभर आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं, "सरबत-बिरबत नाही, घरचा सोडा देणार. तोटी उघडली की पेल्यात!"

हे बर्फाच्या कारखान्यात फिटर. बंद पडलेल्या एका सोड्याच्या दुकानातून त्यांनी आतून कल्हई केलेली तांब्याची जाड टाकी आणली होती. ती मागच्या पडवीत ठेवून तिच्यात पाणी भरायचं, सोड्याचा गॅस सोडायचा आणि लांब रबरी नळीने सोडा पुढच्या ओटीवर आणायचा, अशी जुळणी केली होती.

सकाळी अकराला त्यांनी तोटी उघडली, तर पेल्यात नुसता फेस. तो बसेपर्यंत थांबलो, तर तळाशी दोन बोटं सोडा, तोही मिळमिळीत. ह्यांनी गॅस कमी केला. पुन्हा फेस. पेल्यांना घासायची राख राहिल्याने फेस होत असेल म्हणून मी सगळे पेले परत विसळले. तरी तेच.

"टाकीला बर्फ लावलाय, आता आणखी काय करू?" म्हणत हे पायरीवर बसले. त्यांचा चेहरा बघवेना. मी लिंबं शोधायला आत वळले.

आमच्या वाडीत चिकू निवडायला येणारी एक वारली म्हातारी पाणी प्यायला आली होती. अंगणातून जाताना तिचा पाय नळीला लागला आणि ती थबकली.

"बाय, हात लावून बघ. केवढी तापलीय!"

मी हात लावला. टाकी गार होती, पण नळी भर उन्हातून अंगण ओलांडून येत होती. गार सोडा वाटेतच तापून त्याचा फेस होत होता. हे ताडकन उठले. आम्ही दोघांनी नळी भिंतीकडेच्या सावलीत घेतली, तिला माझी जुनी लुगडी गुंडाळली आणि त्यांवर बर्फाचं पाणी ओतलं.

"पेला वाकडा धर. ताडी ओततो तसा," म्हातारी म्हणाली.

पहिला पेला फेसाचाच भरला. दुसरा अर्धा. तिसरा मात्र काठापर्यंत स्वच्छ, वर बोटभर फेस. ह्यांनी तो आधी तिलाच दिला. तिने एका दमात संपवला, जोरात ढेकर दिली आणि नाक चोळत हसायला लागली. मलाही हसू आवरेना.

पाहुण्यांनी दोन-दोन पेले घेतले. ते निघून गेल्यावर बघते, तर हे ओटीवरच आडवे होऊन गाढ झोपलेले, हातात पाना तसाच.